एक श्वास, अनेक पितळी वाद्ये

ट्रम्पेट, कॉर्नेट, फ्लूगलहॉर्न, फ्रेंच हॉर्न, ट्रॉम्बोन, युफोनियम आणि ट्युबा ही वाद्ये दिसायला कितीही वेगळी असली तरी वाजतात एकाच तत्त्वावर. वादक मिटलेले ओठ माउथपीसवर टेकवतो, त्यांमधून हवा सोडतो, ओठ थरथरू लागतात आणि नळीतली हवा त्या थरथरीला साथ देते. यात वेगळी पत्ती नसते. ओठच पत्तीचे काम करतात. महाराष्ट्रातली तुतारी, शिंग, कर्णा आणि देवळातला शंख ही याच कुळातली वाद्ये. सनई फुंकून वाजत असली तरी या कुळातली नाही, कारण तिला पत्ती असते. सॅक्सोफोन पितळेचा असूनही बाहेरचा ठरतो, कारण तोही पत्तीवरच वाजतो.

या समान तत्त्वामुळे एक पितळी वाद्य येणाऱ्याला दुसरे हातात घेतल्यावर पहिल्याच दिवशी स्वर काढता येतो. ट्रम्पेटवाल्याने युफोनियम उचलले तर तासाभरात एखादी ओळखीची चाल निघू शकते. म्हणूनच एकाहून अधिक पितळी वाद्ये वाजवण्याचा मोह या वादकांना जितका होतो तितका इतरांना क्वचितच होत असेल. मात्र स्वर निघणे आणि वाद्य वाजवता येणे यांत मोठे अंतर आहे. या वाद्यांमध्ये श्वास आणि कान यांचे शिक्षण सामाईक असते, ओठांचे नसते. अनेक वाद्ये वाजवण्याचे जवळजवळ सगळे फायदे आणि तोटे या एका गोष्टीतून निघतात.

एका माणसाने अनेक वाद्ये वाजवणे ही काही आधुनिक हौस नाही. जर्मन शहरांत पूर्वी नगरपालिकेच्या नोकरीत असलेल्या वादकांकडून हीच अपेक्षा असे. समारंभ, चर्चची उपासना, लग्ने, मनोऱ्यावरून दिवसाच्या ठरावीक वेळी वाजवायचे संगीत, सगळे त्यांनाच सांभाळावे लागे. लाइपझिगमध्ये 1745 साली योहान सेबास्टियन बाखने अशा एका उमेदवाराची परीक्षा घेतली, तेव्हा त्याला व्हायोलिन, ओबो, बासरी, ट्रम्पेट, हॉर्न आणि खर्जाची वाद्ये वाजवून दाखवावी लागली. त्या काळच्या ट्रम्पेटला आणि हॉर्नला वॉल्व्ह नव्हते. नळीतून निसर्गतः जे स्वर निघतात तेवढेच मिळत, आणि ते अचूक काढण्याचे कसब पूर्णपणे ओठांचे व कानाचे होते.

हे नैसर्गिक स्वर समजून घेतले की पुढचा सगळा विषय सोपा होतो. बोटे न हलवता, केवळ ओठ आणि हवा बदलत गेले तर कोणत्याही पितळी नळीतून एका ठरावीक क्रमाने स्वर निघतात: सर्वांत खाली षड्ज, मग वरचा षड्ज, त्याचा पंचम, पुन्हा षड्ज, मग गंधार, पंचम, किंचित उतरलेला कोमल निषाद, पुन्हा षड्ज, आणि तिथून पुढे रिषभ, गंधार अशी जवळजवळची पायरी. खाली स्वरांमधले अंतर मोठे, वर जावे तसे ते कमी होत जाते. नळी दीड मीटरची असो की साडेपाच मीटरची, क्रम हाच राहतो. ट्रम्पेटवर हा क्रम ज्याच्या कानात बसला त्याला तो ट्युबावर नव्याने शिकावा लागत नाही.

एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टींनी या वाद्यांना आणखी जवळ आणले. हाइनरिश श्टोल्त्सेल आणि फ्रीडरिश ब्ल्यूमेल यांनी 1818 साली प्रशियात वॉल्व्हचे पेटंट घेतले. वॉल्व्ह दाबला की हवा नळीच्या एका जादा तुकड्यातून फिरून जाते, नळी लांबते आणि स्वर उतरतो. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत दुसरा वॉल्व्ह अर्धा स्वर उतरवतो, पहिला एक स्वर आणि तिसरा दीड. छोट्या कॉर्नेटपासून अवाढव्य बासपर्यंत हा हिशेब तोच राहतो. नंतर 1840 च्या दशकात अडोल्फ सॅक्सने पॅरिसमध्ये सॅक्सहॉर्न नावाचे एक संपूर्ण कुटुंबच तयार केले: आकार वेगवेगळे, बोटांची मांडणी सारखी.

या कल्पनेचा खरा लाभ ब्रिटनमधल्या ब्रास बँडनी उठवला. खाणी आणि कापडगिरण्यांतले कामगार संध्याकाळी एकत्र येऊन वाजवत. यॉर्कशायरमधल्या गिरणीत सुरू झालेला ब्लॅक डाइक बँड हा त्यांतला आजही गाजणारा एक. अशा बँडमध्ये बास ट्रॉम्बोन सोडून प्रत्येक वाद्याचे संगीत ट्रेबल क्लेफमध्येच (उंच स्वरांसाठीच्या लेखनचिन्हात) लिहिले जाते, आणि तेही अशा रीतीने की कागदावरचा अमुक स्वर दिसला की प्रत्येक वॉल्व्हच्या वाद्यावर बोटे तीच पडावीत. प्रत्यक्षात कानावर येणारा स्वर वाद्यागणिक वेगळा असतो, पण ती काळजी लिहिणाऱ्याने आधीच घेतलेली असते. त्यामुळे कॉर्नेटवाला आजारी पडलेल्या बॅरिटोनवाल्याच्या जागी बसू शकतो. लहान मुलगा कॉर्नेटवर सुरुवात करून, अंगापिंडाने मोठा झाल्यावर, नवे वाचन न शिकता बासवर जाऊ शकतो. हौशी वादकांच्या संस्थेला यापेक्षा उपयुक्त व्यवस्था सुचणे कठीण.

शिक्षणाच्या साहित्यातही हीच जवळीक दिसते. जाँ-बातिस्त आर्बां यांनी 1864 साली प्रसिद्ध केलेले पाठ्यपुस्तक कॉर्नेट आणि सॅक्सहॉर्नसाठी होते. आज ते ट्रम्पेटवाल्यांच्या रियाजाचा पाया आहे आणि ट्रॉम्बोन, युफोनियम व ट्युबा यांच्यासाठीही त्याच्या आवृत्त्या आहेत. हॉर्नसाठी लिहिलेले कोप्राश यांचे पाठ ट्रॉम्बोनवाले वाजवतात. गायकांच्या गळ्यासाठी बोर्दोन्यी यांनी रचलेले पाठ जोहानेस रोशू यांनी ट्रॉम्बोनसाठी उतरवले आणि पुढे ट्युबावाल्यांनीही ते आपलेसे केले. जिभेचा ठोका, दोन स्वर जोडणे, श्वास कुठे घ्यायचा याचा विचार, लांब स्वर एकसारखा धरणे हा सगळा अभ्यास वाद्य बदलले तरी वाया जात नाही.

श्वासाचा विचार करताना अरनॉल्ड जेकब्स यांचे नाव टाळता येत नाही. 1944 ते 1988 या काळात ते शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रात ट्युबा वाजवत. लहानपणी ते बिगुलवरून ट्रम्पेटवर, तिथून ट्रॉम्बोनवर आणि मग ट्युबावर आले. त्यांच्याकडे ट्युबावाल्यांइतकेच ट्रम्पेट, हॉर्न आणि ट्रॉम्बोन वाजवणारेही शिकायला येत, कारण ते शिकवत ते मुख्यतः हवेचे आणि मनातल्या स्वराचे शिक्षण होते. मोठ्या वाद्याला हवा खूप लागते. ट्युबावर एका श्वासात लांब ओळ वाजवायची तर छाती पूर्ण भरावीच लागते. अर्धवट श्वासाची चोरी लगेच उघडी पडते. ट्रम्पेटवर मात्र थोड्या हवेत आणि ओठ दाबून काही काळ निभावून नेता येते, आणि तीच वाईट सवय पुढे नडते. त्यामुळे काही काळ युफोनियम किंवा ट्युबा वाजवून ट्रम्पेटवर परतलेल्या वादकाचा श्वास मोकळा झालेला दिसतो. मोठ्या वाद्याचा हा सर्वांत मोलाचा लाभ.

दुसरा लाभ कानाचा, आणि तो ट्रॉम्बोनकडून मिळतो. ट्रॉम्बोनला वॉल्व्हऐवजी सरकणारी नळी असते. तिच्या सात जागा मानल्या जातात, पण त्यांवर खुणा नसतात आणि पुढे जावे तसे दोन जागांमधले अंतर वाढत जाते. सूर लागला की नाही हे ठरवायला कानाशिवाय काही नाही. वॉल्व्हच्या वाद्यांत हा प्रश्न सुटला आहे असे वाटते, पण तो फक्त झाकला गेला आहे. पहिला आणि तिसरा वॉल्व्ह एकत्र दाबले की स्वर चढा निघतो. तिन्ही एकत्र दाबले की आणखी चढा. ट्रम्पेटवाला हे दुरुस्त करण्यासाठी तिसऱ्या वॉल्व्हची छोटी नळी बोटाने बाहेर सरकवतो. युफोनियममध्ये यासाठी डेव्हिड ब्लेकली यांनी 1874 साली नळ्यांची एक भरपाई करणारी रचना शोधली. ट्रॉम्बोनवर काही महिने काढलेला ट्रम्पेटवादक ही चढलेली श्रुती आधी ऐकतो आणि मग दुरुस्त करतो. ज्याने ट्रॉम्बोन कधी धरला नाही तो बऱ्याचदा ती ऐकतच नाही. उलट दिशेने, ट्रॉम्बोनवाला वॉल्व्हच्या वाद्यावर गेला की त्याला बोटांची चपळाई मिळते, आणि एरवी मींड टाळण्यासाठी ज्या ओळीत जिभेचा मऊ ठोका द्यावा लागतो तिथे सरळ जोडलेले स्वर मिळतात.

ओठांकडे वळले की हिशेब बदलतो. ओठ प्रत्यक्षात स्वराच्या कंपनसंख्येइतकेच थरथरतात. ट्रम्पेटच्या मधल्या पट्टीतल्या ए या स्वराला ते सेकंदाला 440 वेळा हलतात, वरच्या बी फ्लॅटला 930 च्या आसपास. ट्युबाच्या खर्जातल्या बी फ्लॅटला जेमतेम 58 वेळा. ट्रम्पेटच्या माउथपीसचा आतला व्यास साधारण 16 ते 17 मिलिमीटर असतो, ट्रॉम्बोनच्या 25 च्या आसपास, ट्युबाच्या 32 ते 33. म्हणजे ट्रम्पेटवरून ट्युबावर जाताना थरथरणाऱ्या ओठाचे क्षेत्रफळ सुमारे चौपट होते. हवेचा स्वभावही पालटतो. ट्रम्पेटच्या तार सप्तकात हवा थोडी पण तिचा दाब प्रचंड. मोठ्याने वाजवलेल्या वरच्या स्वरांना तोंडातला दाब 10 किलोपास्कलच्याही वर जातो. ट्युबावर दाब कमी आणि प्रवाह मोठा. ओठाच्या कडेचे बारीक स्नायू किती घट्ट धरायचे, जबडा किती उघडायचा, जीभ कुठे ठेवायची, सगळेच बदलते. स्नायूंची ही सवय शब्दांत सांगून येत नाही. हजारो वेळा तेच केल्यानेच ती अंगात मुरते.

ऑर्केस्ट्रात वाद्यांची वाटणी कशी होते हे पाहिले की माउथपीसचे महत्त्व कळते. वाग्नरच्या ‘रिंग’ नाट्यमालिकेतला वाग्नर ट्युबा नावाने ट्युबा आहे, पण तो हॉर्नवाले वाजवतात, कारण त्याला हॉर्नचा माउथपीस लागतो. त्याच मालिकेतला बास ट्रम्पेट बहुधा ट्रॉम्बोनवाल्याकडे जातो. फ्लूगलहॉर्न ट्रम्पेटवाल्यांचा. होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’मधला टेनर ट्युबा म्हणजे व्यवहारात युफोनियम, आणि तो ट्रॉम्बोन किंवा ट्युबा वाजवणाऱ्यांपैकी कोणीतरी उचलतो. होल्स्ट स्वतः ट्रॉम्बोनवादक होता. शतकभराच्या अनुभवातून ऑर्केस्ट्रांनी ओळखलेली ही व्यवस्था नव्या वादकानेही लक्षात घ्यावी: वाद्याच्या नावापेक्षा माउथपीसची जात महत्त्वाची.

त्यामुळे ट्रम्पेट, कॉर्नेट आणि फ्लूगलहॉर्न हा गट जवळजवळ फुकटात पदरी पडतो. नळीची लांबी तीच, बोटे तीच, आणि माउथपीसची कडा सारखी निवडली तर ओठांना फारसा फरक जाणवत नाही. बदलतो तो माउथपीसच्या पेल्याचा खोलगटपणा आणि नळीचा निमुळतेपणा. ट्रम्पेटचा नाद झळाळता, कॉर्नेटचा गोल, फ्लूगलहॉर्नचा मखमली. तीच गोष्ट टेनर ट्रॉम्बोन आणि युफोनियमची. दोन्हींच्या नळ्या सुमारे पावणेतीन मीटरच्या आणि माउथपीस इतके जवळचे की एकच दोन्हीकडे चालवणारेही पुष्कळ आहेत. अशा जोड्यांना नाही म्हणण्याचे कारण नाही.

खरी अडचण ट्रम्पेट आणि फ्रेंच हॉर्न या जोडीत आहे. हॉर्नच्या माउथपीसचा आतला व्यास 17 ते 18 मिलिमीटर, म्हणजे ट्रम्पेटच्या अगदी शेजारचा. पण कडा पातळ, पेला वाटीसारखा नसून नरसाळ्यासारखा. ओठांवरची जागाही वेगळी: हॉर्नच्या परंपरेत माउथपीसमध्ये साधारण दोन भाग वरचा ओठ आणि एक भाग खालचा, ट्रम्पेटवर हे प्रमाण बहुतेकांचे निम्मेनिम्म्याच्या जवळपास. त्यात एफमधल्या हॉर्नची नळी सुमारे 3.7 मीटर लांब, तरी तो वाजतो नैसर्गिक क्रमाच्या वरच्या टप्प्यात, थेट सोळाव्या स्वरापर्यंत. तिथे शेजारचा स्वर इतका जवळ असतो की ओठांचा ताण किंचित चुकला तर भलताच स्वर निघतो. हॉर्न ऐन वेळी फसतो तो बहुधा याच कारणाने. बोटांचा हातही बदलतो: वॉल्व्ह डाव्या हाताने, उजवा हात वाद्याच्या रुंद तोंडाच्या, म्हणजे घंटेच्या, आत. ट्रम्पेटची ओठांची ठेवण हॉर्नवर आणली तर ती वरवर चालते. म्हणूनच ती सुधारली जात नाही आणि वर्षभराने दोन्ही वाद्यांवर अर्धवट काहीतरी तयार होते. ट्रम्पेट आणि ट्युबा या जोडीत फरक इतका ढळढळीत असतो की ओठ गोंधळून जात नाहीत. दोन सवयी दोन वेगळ्या जागी राहतात. थोडा फरक मोठ्या फरकाहून जास्त घातक ठरण्याचे हे ठळक उदाहरण आहे. ट्रम्पेटच्या विद्यार्थ्याला केवळ बँडमध्ये जागा रिकामी आहे म्हणून हॉर्न हाती देणाऱ्या शिक्षकाने याचा विचार करायला हवा.

वाचनाची गुंतागुंत ब्रिटिश ब्रास बँडच्या बाहेर पडताच सुरू होते. ऑर्केस्ट्रात ट्रॉम्बोन, युफोनियम आणि ट्युबा बास क्लेफमध्ये, जसा लिहिला तसाच वाजणारा स्वर वाचतात. ट्रम्पेटसाठी हिशेब आधीच कागदावर केलेला असतो, त्यामुळे बी फ्लॅट ट्रम्पेट सोडून दुसऱ्या सुराचा ट्रम्पेट घेतला आणि त्याच्यासाठीच लिहिलेला कागद समोर असला तर बोटे तीच राहतात. ट्युबाला ही सवलत नाही. बी फ्लॅट, सी, ई फ्लॅट आणि एफ अशा चार सुरांत ट्युबा बनतात आणि कागद मात्र सर्वांसाठी एकच. म्हणजे एफचा ट्युबा घेतला की त्याच टिंबाला बोटे निराळी. व्यावसायिक ट्युबावादकाला यांतल्या किमान दोघांची बोटे परस्परांत न मिसळता पाठ ठेवावी लागतात. नाव एकच असूनही ती जवळजवळ दोन वाद्ये ठरतात. दोन-तीन क्लेफ सहज वाचणारा वादक मात्र पुढे कोणत्याही वाद्यावर निर्भय होतो, आणि संगीतरचनेकडे किंवा संयोजनाकडे वळायचे असेल तर ही मेहनत दामदुपटीने परत मिळते.

पोटापाण्याच्या दृष्टीने पाहिले तर एकाहून अधिक वाद्यांचा फायदा निर्विवाद आहे. न्यूयॉर्क आणि लंडनच्या संगीत रंगभूमीवर रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसणारे वादक मोजके असतात. ट्रम्पेटवाल्याने फ्लूगलहॉर्न आणि कॉर्नेट, ट्रॉम्बोनवाल्याने युफोनियम वाजवावे ही अपेक्षा नेहमीची, आणि वादकसंघटनांच्या करारांत अशा जादा वाद्यासाठी जादा मानधनाची तरतूद असते. ब्रिटनच्या रॉयल मरीन्सच्या बँडमधले वादक एका फुंकवाद्याबरोबर बहुधा तंतुवाद्यही शिकतात, म्हणजे तीच मंडळी संचलनातही वाजवतात आणि मेजवानीतही. शालेय बँडच्या शिक्षकाला तर कुळातले प्रत्येक वाद्य निदान सुरुवातीच्या पायरीपर्यंत वाजवून दाखवता आलेच पाहिजे. समोरच्या मुलाचा ट्रॉम्बोन का फाटतो आहे हे पुस्तकात पाहून सांगता येत नाही.

भारतात अनेक वाद्ये वाजवण्याची ही सवय लग्नाच्या आणि मिरवणुकीच्या बँडपथकांनी जोपासली. पथकात ट्रम्पेट आणि युफोनियम यांची बोटे सारखी असल्याने जाणता वादक हंगामात जिथे माणूस कमी तिथे उभा राहू शकतो, आणि लग्नसराईत माणूस नेहमीच कमी असतो. या पथकांची बरीचशी वाद्ये मेरठच्या जळी कोठी भागातून येतात; तिथला पितळी वाद्यांचा धंदा एकोणिसाव्या शतकापासूनचा आहे. गोव्यात हे वेगळ्या वाटेने घडले. चर्चशी जोडलेल्या शाळांमध्ये मुलांना स्वरलेखन वाचायला आणि सोल्फेज गायला शिकवत, वाद्य पुढे हातात येई. वाचनाचा हा पाया घेऊन गोमंतकीय वादक मुंबईच्या जॅझ बँडमध्ये आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात आले. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे त्यांतले एक झळाळते नाव. कोकणी संगीतातले ख्रिस पेरी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवत. ही जोडी दोन वेगळ्या कुळांतली असल्याने तिचे प्रश्नही वेगळे आहेत, पण आधी वाचन आणि मग वाद्य हा क्रम किती फळतो ते त्यातून दिसते.

जॅझच्या जगात तर अनेक वाद्यांवर सारखीच हुकूमत असलेले कलावंत झाले. टॉमी डॉर्सी पहिल्या काळात ट्रॉम्बोनबरोबर ट्रम्पेटही वाजवत. मेनार्ड फर्ग्युसन तार सप्तकातल्या ट्रम्पेटसाठी प्रसिद्ध, पण त्यांनी वॉल्व्ह आणि सरकनळी दोन्ही असलेला सुपरबोनही गाजवला. न्यू ऑर्लिन्सचे ट्रॉय अँड्र्यूज मंचावर ट्रॉम्बोन आणि ट्रम्पेट आलटून-पालटून हाती घेतात. ऑस्ट्रेलियाचे जेम्स मॉरिसन यांनी ट्रम्पेटपासून ट्रॉम्बोनपर्यंतचे भाग एकट्याने वेगवेगळे वाजवून संपूर्ण बिग बँडचे ध्वनिमुद्रण केले. ही नावे ऐकून नवशिक्यांना हुरूप येतो, आणि यावा. मात्र या प्रत्येकाने आयुष्यातला प्रचंड वेळ वाद्यावर घालवला आहे, आणि जॅझमध्ये वादक आपली वाट, आपली पट्टी बऱ्याच अंशी स्वतः निवडू शकतो. सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या निवडचाचणीत ती मोकळीक नसते. तिथे पडद्याआड बसून ठरलेले उतारे एकाच मुख्य वाद्यावर निर्दोष वाजवावे लागतात. त्या तयारीच्या दिवसांत दुसऱ्या वाद्याला दिलेला तास पहिल्याच्या खात्यातून वजा होतो.

वेळेचा हा तोटा सर्वांत साधा आणि सर्वांत मोठा. ओठांचे स्नायू बोटांसारखे तासन्‌तास राबत नाहीत. ते थकले की सुजतात, बधिर होतात, आणि वादक नकळत माउथपीस दाताकडे दाबून भरपाई करू लागतो. पियानोवादक दिवसाला पाच-सहा तास बसू शकतो. ट्रम्पेटवादकाला प्रत्यक्ष फुंकण्याचे दोन-तीन तासही पुष्कळ होतात, तेही मध्ये विश्रांती घेत. दोन वाद्यांत वाटून घ्यायला मुळात भांडवलच मर्यादित असते. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत, ओठांची ठेवण अजून पक्की व्हायची असताना, दुसरे वाद्य घेतल्याने पहिल्याचा पाया हलतो असा बहुतेक शिक्षकांचा अनुभव आहे, आणि तो ग्राह्य धरण्याजोगा आहे.

खर्चाचा आणि जागेचा विचार इथल्या वादकाला जास्त करावा लागतो. ट्रम्पेट सुमारे किलोभर वजनाचा, खांद्याला अडकवून लोकलमधून नेता येतो. ट्युबा दहा किलोच्या आसपास, आणि चांगल्या प्रतीच्या नव्या ट्युबाला काही लाख रुपये मोजावे लागतात. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत रियाजासाठी आवाज दाबणारा म्यूट वापरावा लागतो, आणि म्यूटमुळे हवेला होणारा रोध वाढून ओठांना खोटी सवय लागते. दोन वाद्ये म्हणजे हा सगळा त्रास दुप्पट.

कधीकधी मात्र शरीरच वाद्य बदलायला लावते, आणि तेव्हा दुसरे वाद्य येत असणे हा मोठा आधार असतो. दातांना तारा लावलेल्या मुलाच्या ओठावर ट्रम्पेटची अरुंद कडा दाबली की त्या तारा ओठाला आतून टोचतात. युफोनियमची रुंद कडा तारांच्या भागावर तितकी नेमकी येत नाही. पुढचे दात गमावलेले ज्येष्ठ वादक मोठ्या माउथपीसकडे वळून बँडमध्ये टिकून राहतात. ओठांच्या स्नायूंवरचा ताबा सुटण्याचा डिस्टोनिया नावाचा विकार काही वादकांना होतो. तो बऱ्याचदा विशिष्ट वाद्याच्या विशिष्ट हालचालीशी बांधलेला असतो, त्यामुळे एका वाद्यावर अडलेल्या माणसाला दुसऱ्यावर कधीकधी वाट मिळते. असा त्रास सुरू झाला तर आधी जाणकार डॉक्टरांना दाखवावे. वाद्य बदलणे हा उपचार नव्हे.

दोन वाद्ये चालवायचीच ठरली तर काही गोष्टी अनुभवाने सिद्ध आहेत. एक वाद्य मुख्य मानावे आणि दिवसाची पहिली, ताज्या ओठांची वेळ त्यालाच द्यावी. दुसऱ्या वाद्यावर दिवसातून पंधरा-वीस मिनिटे पण रोज, हे आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा फार उपयोगी. मोठ्या वाद्यानंतर लगेच छोट्यावर उंच स्वर काढू नयेत. ओठ सैल आणि थोडे सुजलेले असतात, मधल्या पट्टीत लांब स्वर वाजवून त्यांना आधी जागेवर आणावे. काही ट्रम्पेटवाले दमवणाऱ्या मैफलीनंतर ओठ मोकळे करायला मुद्दाम ट्रॉम्बोनवर खर्ज वाजवतात, काहींना तेच दुसऱ्या दिवशी जड जाते. इथे प्रत्येकाने आपल्या ओठांचे ऐकावे. जवळच्या वाद्यांसाठी कडा सारखी असलेले माउथपीस घ्यावेत; कडा आणि पेला वेगळे करून जोडता येणारेही मिळतात. दूरच्या वाद्यांसाठी मात्र तडजोडीचा माउथपीस शोधू नये. ट्रॉम्बोनवर ट्रम्पेटवाल्याच्या सोयीने निवडलेला लहान माउथपीस लावला की ट्रॉम्बोनचा भरदार नादच हरवतो. आणि प्रत्यक्ष कार्यक्रमात वाद्य बदलायचे असेल तर ती अदलाबदल रियाजातही त्याच क्रमाने, तितक्याच कमी वेळात करून पाहावी. मधल्या दहा-बारा मात्रांच्या विश्रांतीत गार पडलेले दुसरे वाद्य उतरलेल्या सुरात सुरू होते, म्हणून स्वर न काढता त्यातून आधीच थोडी गरम हवा सोडून ठेवावी लागते.